पिल्लू आणावे की मोठा कुत्रा?

घरात कुत्रा पाळावयाचे एकदा ठरले की पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कुत्रा आणावयाचा म्हणजे पिल्लू आणावयाचे, हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहते ते मऊ केसांचे, अडखळत चालणारे, बोट चोखणारे पिल्लू. वडीलधाऱ्यांनाही वाटते की लहानपणापासून सांभाळलेला प्राणीच आपल्या वळणाचा होतो. चार-पाच वर्षांचा, वाढलेला, कदाचित दुसऱ्या कोणाच्या घरी राहिलेला किंवा रस्त्यावर वाढलेला कुत्रा घरी आणता येतो, ही कल्पना मनात आलीच तर ती दयेच्या खात्यावर टाकली जाते. 'ज्यांना पुण्य करावयाचे आहे त्यांनी ते करावे, आम्हांला कुत्रा हवा आहे,' असे एकूण धोरण. हे धोरण तपासून पाहण्याजोगे आहे असे मला वाटते, कारण या एका निर्णयावर एका जिवाची दहा-बारा वर्षे अवलंबून असतात आणि घरातल्या माणसांचीही.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. म्हैसूर शहराच्या उत्तर भागात बन्नीमंटप ही वस्ती आहे. कन्नड भाषेत बन्नी म्हणजे शमी. आपण महाराष्ट्रात दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून लुटतो, तिकडे तो मान शमीचा. विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यातून हत्तीवरच्या सोन्याच्या अंबारीची जी प्रसिद्ध मिरवणूक निघते ती सुमारे पाच किलोमीटर चालून याच बन्नीमंटपात संपते आणि त्याच रात्री येथील मैदानावर मशालींची कवायत होते. एरवी मात्र ही वस्ती भारतातील कोणत्याही वाढत्या शहराच्या वस्तीसारखीच आहे. जुनी घरे, त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारती, जवळच कारखाने, महाविद्यालये आणि बंगळुरूकडे जाणाऱ्या रस्त्यावरची न थांबणारी वाहतूक. नोकरीनिमित्त येऊन येथे स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करा. नवरा-बायको दोघेही कामावर जातात, मुलगी आठवीत आहे, आजी घरी असतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. अशा घराने काय करावे?

प्रथम पिल्लाचा विचार करू. पिल्लाचे कौतुक सर्वांना ठाऊक आहे, त्याचे वेळापत्रक फारच थोड्यांना. दोन महिन्यांचे पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा अधिक काळ लघवी रोखू शकत नाही, रात्रीसुद्धा नाही. म्हणजे घरातल्या कोणीतरी पहाटे दोनला उठावयाचे आणि पुन्हा पाचला. त्याला दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे लागते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लसी सुरू होतात आणि त्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. त्या पुऱ्या होईपर्यंत पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची टांगती तलवार असते. पार्व्होच्या रक्ती हगवणीने धडधाकट दिसणारे पिल्लू दोन-तीन दिवसांत हाती लागत नाही. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे अठ्ठावीस दात पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी बेचाळीस दात येतात. या काळात त्याच्या हिरड्या शिवशिवत असतात, म्हणून चपला, खुर्चीचे पाय, विजेच्या तारा, आठवीचे गणिताचे पुस्तक, जे सापडेल ते तो चावतो. हा त्याचा दोष नव्हे, ते त्याचे वय आहे. पण बन्नीमंटपातल्या त्या घरात सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत हे सारे पाहणार कोण? दुखऱ्या गुडघ्यांच्या आजी!

पिल्लाच्या बाजूने सांगितला जाणारा सर्वांत मोठा मुद्दा म्हणजे ओला मातीचा गोळा, हवा तसा आकार द्यावा. यात तथ्य आहे आणि ते शास्त्रानेही दाखवून दिले आहे. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन संशोधकांनी कुत्र्यांच्या पिल्लांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या काळात त्याची माणसांशी आणि इतर कुत्र्यांशी जी ओळख होते ती पुढे आयुष्यभर टिकते, असे त्यांना आढळले. या काळात माणसाचा हात ज्याला लागला नाही ते पिल्लू पुढे माणसाला बिचकते. परंतु या निष्कर्षाची दुसरी बाजू आपण विसरतो. हे आठवडे सरायच्या बेतात असतानाच पिल्लू बहुधा आपल्या घरी येते. तोवरचा महत्त्वाचा काळ त्याने कोठे काढलेला असतो? आईजवळ, भावंडांत, उजेडात, की एखाद्या पिंजऱ्यात? श्वानपैदास आणि विक्रीसंबंधी २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले. आठ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिल्लू विकू नये आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, असे ते सांगतात. नियम चांगला आहे. तरीही महिन्या-सव्वा महिन्याची पिल्ले टोपलीत घालून विकणारे आणि 'दोन महिन्यांचे आहे' असे शपथेवर सांगणारे आढळतात. अशा वेळी मातीचा गोळा ओला असला तरी त्यावर कोणाची तरी बोटे आधीच उमटलेली असतात. आईपासून अकाली तोडलेल्या पिल्लाला किती जोरात चावले म्हणजे दुसऱ्याला दुखते, हेदेखील कोणी शिकवलेले नसते. ते काम आई आणि भावंडेच करतात.

जातीवंत पिल्लाचा मोह निराळाच. मुधोळचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान. तेथील उंच, सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा शिकारी कुत्रा या संस्थानिकांनी नावारूपाला आणला आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला त्याची जोडी भेट दिली, असे सांगितले जाते. महाराष्ट्रात लातूरकडे याच कुळातल्या कुत्र्याला कारवान म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. पुढे सैन्यानेही त्याची चाचणी घेतली. असा कुत्रा आपल्याकडे असावा असे कोणाला वाटणार नाही? परंतु तो माळरानावर सशामागे धावण्यासाठी घडलेला प्राणी आहे. बन्नीमंटपातील दोन खोल्यांच्या घरात, साखळीला बांधून, त्याचा अभिमान बाळगणे म्हणजे त्याच्या ज्या गुणावर आपण भाळलो तोच गुण त्याच्याकडून काढून घेणे होय. पिल्लू पाहताना हे ध्यानात येत नाही, कारण मांडीवर मावणाऱ्या पिल्लात मुधोळचा वेग दिसत नाही. तो वर्षभराने दिसतो.

येथेच मोठ्या कुत्र्याचा पहिला फायदा स्पष्ट होतो. तो जसा आहे तसा समोर उभा असतो. त्याची उंची, केस, आवाज, भूक, मुलांशी वागणे, मांजर दिसल्यावर होणारी गडबड, साऱ्यांची परीक्षा घरी आणण्यापूर्वी करता येते. निवारा चालविणाऱ्या संस्थेत तो काही महिने राहिलेला असेल तर तेथील माणसे त्याचा स्वभाव नेमका सांगतात. त्याची नसबंदी बहुधा झालेली असते, रेबीजची लस टोचलेली असते. वस्तीतल्या कुत्र्याच्या कानाची कड त्रिकोणी कापलेली दिसली तर ती जखम नसून त्याची नसबंदी आणि लसीकरण झाल्याची खूण असते, हेही अनेकांना माहीत नसते. मोठा कुत्रा रात्रभर झोपतो. दिवसातून तीन-चार वेळा बाहेर नेले की त्याचे भागते. आणि वयाचा हिशेबही पाहावा. कुत्र्याचे आयुष्य सर्वसाधारणपणे दहा ते तेरा वर्षांचे. सत्तरीच्या आजींसाठी सोबत म्हणून आज पिल्लू आणले तर ऐंशीनंतर त्या म्हाताऱ्या कुत्र्याला जिना कोण उतरविणार? सहा वर्षांचा शांत कुत्रा आणि सत्तर वर्षांच्या आजी यांची चाल मात्र जुळते.

'पण मोठा कुत्रा आता काय शिकणार?' हा आक्षेप हमखास येतो. म्हाताऱ्या कुत्र्याला नवे खेळ शिकवता येत नाहीत, अशा अर्थाची म्हण इंग्रजीत जुनी आहे. आपणही कुत्र्याच्या शेपटाला नळीत घालून वाकडे ते वाकडेच म्हणून मोकळे होतो. या म्हणी कुत्र्यांनी केलेल्या नाहीत. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने अवकाशात पाठविलेली लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावरून पकडलेली, सुमारे तीन वर्षांची कुत्री होती. तेथील शास्त्रज्ञांनी मुद्दामच रस्त्यावरची कुत्री निवडली, कारण थंडी आणि उपासमार सोसून ती कणखर झालेली होती. अरुंद कोठडीत बसणे, यंत्रांचा आवाज सहन करणे, ठरावीक अन्न खाणे हे सारे ती मोठेपणी शिकली. तिच्या शिकण्याचे माणसाने काय केले, ती काही तासांतच उष्णतेने कशी मेली, ही कथा लाजिरवाणी आहे आणि ती पुष्कळ वर्षे दडवून ठेवली गेली. पण रस्त्यावर वाढलेला प्रौढ कुत्रा शिकतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या बिचारीने दिले आहे. नोकरी आणि संसार सांभाळून मुक्त विद्यालयाचा अभ्यास करणाऱ्या वाचकाला तरी वय झाले की शिकणे संपते हे पटू नये.

बन्नीमंटपातच याचे आणखी एक उदाहरण दरवर्षी चालत येते. दसऱ्याच्या कित्येक आठवडे आधी जंगलातील छावण्यांमधून हत्ती म्हैसूरला आणले जातात. ते वाढलेले, वयाने मोठे हत्ती असतात. त्यांना रोज राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत चालविले जाते, पाठीवरचे ओझे हळूहळू वाढविले जाते, कारण खरी अंबारी साडेसातशे किलोंची असते. तोफांच्या आवाजाचीही त्यांना आणि पोलिसांच्या घोड्यांना आधी सवय करून दिली जाते. प्राणी मोठा आहे म्हणून त्याला काही कळणार नाही असे कोणी माहूत म्हणत नाही. त्याला माहीत असते ते इतकेच की नवी गोष्ट थोडी थोडी करून आणि ओळखीच्या माणसाच्या सोबतीने शिकवावी लागते.

मोठ्या कुत्र्याच्या बाजूने इतके बोलल्यावर त्याच्या विरुद्ध जे सांगितले पाहिजे ते लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याचा भूतकाळ आपल्याला माहीत नसतो. कोणी काठीने मारलेले असेल तर झाडू उचलताच तो गुरगुरेल. पहिले काही दिवस तो कोपऱ्यात गप्प बसतो आणि घरचे लोक म्हणतात, 'किती शहाणा!' तीन-चार आठवड्यांनी तो सावरतो, तेव्हा त्याचा खरा स्वभाव दिसतो आणि तो नेहमीच सोयीचा असतो असे नाही. घरात रांगते मूल असेल तर अनोळखी इतिहासाचा कुत्रा आणताना फार सावध राहिले पाहिजे. गोचीड-ताप, जुनी त्वचारोगाची लक्षणे, दुखरा पाय, यांसाठी पशुवैद्याकडून आधी तपासणी करून घ्यावी. आणखी एक गोष्ट प्राणिप्रेमी मंडळी फारशी बोलत नाहीत. रस्त्यावर मुक्त वाढलेल्या प्रत्येक कुत्र्याला घर हवे असतेच असे नाही. चार गल्ल्यांचा राजा असलेल्या कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत ठेवले तर तो दारापाशी बसून राहतो. त्याच्यावर खरे प्रेम असेल तर त्याला गल्लीतच राहू द्यावे, त्याचे लसीकरण चुकू देऊ नये, उन्हाळ्यात पाणी ठेवावे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी अशा कुत्र्यांना सामुदायिक प्राणी म्हटले आहे, ते बरोबर आहे.

याउलट पिल्लांच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा गोजिरवाणेपणाचा नाहीच. कोलकात्याजवळील आयझर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या पिलावळींचा पाच वर्षे पाठपुरावा केला आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी पाहिलेल्या पिल्लांपैकी शेकडा एकोणीसच सात महिन्यांची होईपर्यंत जगली आणि मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यूंना या ना त्या रीतीने माणूस कारणीभूत होता. वाहनांखाली येणे, मारले जाणे, आईपासून उचलून नेणे. म्हणजे गल्लीतल्या पाच पिल्लांपैकी चार डोळ्यांदेखत नाहीशी होतात. ज्या घरात दिवसभर कोणी ना कोणी असते, रात्री उठण्याची तयारी आहे, अशा घराने आपल्याच रस्त्यावरचे एक पिल्लू उचलले तर तो निर्णय मोठ्या कुत्र्याला घरी आणण्याइतकाच, किंबहुना थोडा अधिक, मोलाचा आहे. माझा आक्षेप पिल्लाला नाही. कोणी सांभाळणार नसताना, वाढदिवसाची भेट म्हणून, पैसे देऊन आणलेल्या पिल्लाला आहे. अशी पिल्लेच वर्षभरात 'फार भुंकतो', 'बदली झाली', 'मुलीची परीक्षा आहे' या कारणांनी दूरच्या रस्त्यावर सोडली जातात. उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावर पडतो तेव्हा त्याला कचऱ्यातले अन्न शोधता येत नाही, वाहने चुकविता येत नाहीत आणि गल्लीतली इतर कुत्री त्याला टिकू देत नाहीत.

एका सावधगिरीबद्दल येथे थांबून बोलले पाहिजे, कारण तीत जीव जातो. लहान पिल्लू चावले किंवा ओरखडले तर त्याने काही होत नाही, असा समज सर्वत्र आहे. तो घातक आहे. रेबीज पिल्लालाही होतो आणि त्याची लस साधारण तिसऱ्या महिन्यात टोचली जात असल्याने त्यापूर्वीचे रस्त्यावरचे पिल्लू असुरक्षितच असते. दात किंवा नख लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही.

आपल्या परंपरेत कुत्र्याला जागा आहे, पण ती पिल्लाची नाही, हे गमतीचे आहे. खंडोबाजवळचा कुत्रा, दत्तात्रेयांच्या पायांशी बसलेली चार कुत्री, तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे नामदेव धावले असे सांगतात ते पोळी पळविणारे कुत्रे, साताऱ्याच्या शाहू महाराजांचा लाडका खंड्या, ज्याची समाधी माहुलीला दाखविली जाते; ही सारी वाढलेली कुत्री होती. महाभारतातले उदाहरण तर याहून बोलके आहे. ज्या पांडवांनी अज्ञातवासात शमीच्या झाडावर शस्त्रे लपविली आणि ज्या कथेमुळे बन्नीला दसऱ्याचा मान मिळाला, त्यांच्याच महाप्रस्थानात एक कुत्रा हस्तिनापुरापासून मागे मागे चालत जातो. युधिष्ठिराने त्याला पाळलेले नसते, जात पाहून निवडलेले नसते. तो आपण होऊन आलेला असतो. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडतात, कुत्रा शेवटपर्यंत राहतो आणि स्वर्गाच्या दाराशी धर्मराज त्याला टाकून आत जाण्यास नकार देतो. कुत्रा प्रत्यक्ष धर्म होता, हे त्याला मागाहून कळते. नकार देताना त्याच्या लेखी तो केवळ आश्रयाला आलेला एक कुत्रा होता.

आता त्या कुटुंबाकडे वळू. दोघे कामावर, मुलगी शाळेत, आजी घरी. या घराने चार ते सहा वर्षांचा, मध्यम उंचीचा, नसबंदी झालेला, माणसांत राहिलेला गावठी कुत्रा एखाद्या निवाऱ्यातून दत्तक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेही एका भेटीत नव्हे. दोन-तीन वेळा जाऊन, आजींनाही सोबत नेऊन, त्याला पट्ट्याने चालवून पाहावे. दोरी धरलेल्या हाताला हिसका देऊन जो ओढत नाही, तोच या घराचा. मुलीला पिल्लूच हवे असेल तर तिला नाही म्हणू नये. पुढील चार महिने पहाटे पाचला कोण उठणार, हे तिच्याकडून कागदावर लिहून घ्यावे आणि त्यातली निम्मी नावे वडिलांची निघतील याची खूणगाठ वडिलांनी बांधावी. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात, इच्छुकांना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल असे म्हटले, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. कोणत्याही शहरात कुत्रा घरी आणणाऱ्याने हीच अट स्वतःवर घालून घ्यावी.

राहता राहिला मुहूर्ताचा प्रश्न. बन्नीमंटपातील घराने तो पंचांगात न पाहता मैदानाकडे पाहून ठरवावा. विजयादशमीच्या रात्री मशालींच्या कवायतीत शोभेचे दारूकाम होते, पाठोपाठ दिवाळी येते. त्या दिवसांत जुना, घरात रुळलेला कुत्रादेखील पलंगाखाली जाऊन थरथरतो आणि नवा आलेला कुत्रा घाबरून पळाला तर त्याला परतीचा रस्ताही ठाऊक नसतो. म्हणून तो दिवाळी उलटल्यावर आणावा. पुढचा दसरा येईपर्यंत जवळजवळ वर्ष मिळते. तेवढ्या काळात त्याला घरातली सर्वांत आतली, खिडकी नसलेली जागा ओळखीची करून द्यावी. तेथेच त्याचे अंथरूण, तेथेच पाणी. त्या रात्री घरातल्या एकाने कवायत पाहायला न जाता त्याच्याजवळ बसावे. कोणी बसावयाचे, ते कुत्रा आणण्यापूर्वीच ठरलेले बरे.